गुंता सोडवायचं इंग्रजी

मी वाचायला शिकले ती भिंतीवर. आमचं घर कुडाचं, कारवीच्या काड्यांवर शेणमातीचं लिंपण. पावसाळा सरला की लिंपणाला भेगा पडायच्या आणि वारा आत यायचा. बाबांनी त्यावर उपाय म्हणून उरलेली पत्रकं खळ लावून आतून चिकटवली होती. रेशनची, रोजगार हमीची, जंगलजमिनीची, कुठल्या कुठल्या मोर्चांची; गुलाबी, पिवळी, फिकट हिरवी. चुलीकडची धुराने इतकी काळवंडली होती की फक्त मोठ्या टायपातले मथळे दिसायचे. आई भाकरी थापत असायची आणि मी पाटावर बसून त्या मथळ्यांतली अक्षरं बोटाने जुळवायची. शाळेत गेल्यावर बाईंनी 'अ' अननसाचा सांगितला. मी म्हटलं, अन्यायाचा. बाई हसल्या नाहीत, त्यांनी बाबांना बोलावून घेतलं.

बाबा सहावी शिकलेले. दिवसा दुसऱ्याच्या चिकूवाडीत मजुरी करायचे, पण संघटनेचं पत्रक लिहायचं असलं की तालुक्यातली माणसं तलासरीहून आमच्या पाड्यावर यायची. लिहून झालं की बाबा आईसमोर बसून ते मोठ्याने वाचायचे. आई नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ मळत ऐकायची. 'धोरणात्मक' असं काही आलं की तिचा हात थांबायचा. "हे काय?" ती विचारायची. बाबा शब्द खोडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. आईने शेवटपर्यंत काही विचारलं नाही की पत्रक छापायला जायचं. माझ्या ओळखीच्या कुठल्याही संपादकापेक्षा ती कडक होती. भाकरी करपली तर स्वतःच म्हणायची, "करा आता माझा जाहीर निषेध." परतलेल्या सुकटीचा वास, लांबून येणारी हायवेच्या ट्रकांची घरघर आणि बाबांचा पत्रक वाचतानाचा जरा उंचावलेला आवाज, एवढं मिळून माझं लहानपण होतं. त्यामुळे जगात दोनच बाजू असतात, आपली आणि त्यांची, आणि आपली नेहमी बरोबर असते, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

आज मी पोटापाण्यासाठी लिहिते आणि लोक म्हणतात, तुझी भाषा फार तिखट आहे. असू दे. ज्या गोष्टी गोड बोलून झाल्या त्यांची यादी मला कुणी अजून दाखवलेली नाही. पण एका बाबतीत मी बारावीच्या वर्षापासून सावध झाले, आणि त्याचं श्रेय इंग्रजीतल्या एका क्रियापदाला आणि लाडक्याकाकाला आहे. ते सांगायला हे प्रकरण.

दहावीनंतर मी डहाणूला कॉलेजात जाऊ लागले. पाड्यावरून चालत हायवेला, तिथून मिळेल त्या गाडीने चारोटी, चारोटीला चहाच्या टपरीशी उभं राहून दुसरी जीप भरायची वाट बघायची, मग आशागड, सरावली करत डहाणू. जीपमध्ये ड्रायव्हर गुजरातीत भांडायचा, भाजीवाल्या मराठीत उत्तर द्यायच्या आणि आम्ही मागच्या बाकावर आमच्या बोलीत दोघांची टर उडवायचो. इंग्रजी मात्र त्या जीपमध्ये कधी चढलं नाही. मला ती कचेरीची भाषा वाटायची, नोटिसांच्या वर शिक्क्यात असते ती.

आम्हाला इंग्रजी शिकवायला वसईकडच्या मार्था मॅडम होत्या. बारीक, चष्म्याच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. बारावीच्या सुरुवातीला त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकाला एक क्रियापद. त्याचे अर्थ कोशातून उतरवायचे आणि मग घरी, शेतात, बाजारात ते काम नेमकं कुठं होतं ते शोधून वर्षभरात वीस वाक्यं लिहायची. पुस्तकातलं एकही चालणार नाही. शेजारच्या मुलीला 'कुक' आलं. मला आलं 'डिसएन्टँगल'. गुंता सोडवणे.

"मॅडम, बदलून द्या," मी म्हटलं. "मला 'फाइट' द्या."

"ते तुला येतं," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.

मी रागाने त्याच दिवशी पाच वाक्यं लिहून टाकली. कामगार साखळ्यांतून स्वतःला सोडवतील. आदिवासी सावकारी जोखडातून स्वतःला सोडवतील. अशीच. वही परत आली तेव्हा पाचही वाक्यांखाली लाल रेघ होती आणि शेजारी मराठीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं: साखळी तोडतात, जोखड फेकतात. गुंता होतो तो दोऱ्यांचा, केसांचा, वेलींचा. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. मला वाटलं, यांना राजकारण नकोय. त्यांनी मला खुर्ची दिली आणि शांतपणे त्या शब्दाचा वापर समजावून सांगितला. सूत, केस, जाळ्यात अडकलेला मासा, काट्यात अडकलेला पदर, हे याचे पहिले आणि साधे वापर. मग माणूस एखाद्या भांडणातून स्वतःला बाहेर काढतो तेव्हा हाच शब्द. एकमेकांत मिसळलेल्या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या, ऐकीव काय आणि खरं काय, तेव्हाही हाच. "आणि बघ, याच्यामागे बहुतेक वेळा 'फ्रॉम' येतं. म्हणजे वस्तू दोन असतात. एकीला दुसरीतून काढायचं आणि दोन्ही शाबूत ठेवायच्या. एक जरी फाटली तरी हे क्रियापद वापरू नकोस. त्यासाठी दुसरी पुष्कळ आहेत."

मला ते पटलं नाही. मला तो भित्र्या माणसांचा शब्द वाटला. पण मार्क हवे होते, म्हणून मी घरी शोधू लागले आणि शोधताना मजा वाटू लागली. शेळीचा दोर करवंदीच्या जाळीतून सोडवणं, हे एक वाक्य. वालाची वेल कुंपणाच्या काट्यांतून सोडवून मांडवावर चढवणं, हे दुसरं. आईच्या केसांत अडकलेला माळेचा फासा. बाबांच्या चिकू उतरवायच्या काठीची जाळी फांदीतून सोडवणं, तेही चिकू न पाडता. पाचवं वाक्य लाडक्याकाकाचं होतं.

लाडक्याकाका आमचा शेजारी, बाबांहून दहाएक वर्षांनी मोठा. नात्याचा नव्हता, पण जवळचा. आमच्याकडे एक बैल होता, त्यांच्याकडे एक. दोन्ही मिळून जोडी. नांगरणी त्यांची आधी की आमची, हे दर वर्षी काकाच ठरवायचा आणि कधी वाद झाला नाही. संध्याकाळी बैल एका झाडाखाली बांधलेले असायचे आणि त्यांच्या दोरांचा रोज गुंता व्हायचा. मी सोडवायला गेले की ओढायची आणि गाठ आवळायची. काका उकिडवा बसून आधी नुसता बघायचा. मग दोन बोटांनी कुठलासा एक पदर ढिला करायचा, दुसरा, आणि दोर आपोआप निसटल्यासारखे वेगळे व्हायचे. "तू वढतीस," तो म्हणायचा. "त्याला जागा दे ना. त्यालाच माहीत हाय तो कठून आला ते." मॅडमना ते वाक्य फार आवडलं. त्यांनी त्याखाली रेघ मारली नाही.

त्याच सुमारास, भाताची मळणी चालू असताना, नोटीस आली.

आमच्याकडे जंगलजमिनीला प्लॉट म्हणतात. टेकडीच्या उतारावर जंगल खात्याच्या हद्दीत पण आजोबांपासून कसलेला आमचा एक प्लॉट होता आणि त्याला लागून लाडक्याकाकाचा. वनहक्काचा कायदा आला तेव्हा दोघांनीही दावे टाकले होते. मी आठवीत असताना त्यांची मोजणी झाली होती, हातात मावेल अशा यंत्राने. यंत्र धरून हद्दीवरून चालायचं, ते पावलापावलाला ठिपके टिपत जातं, आणि ठिपके जोडून नकाशा होतो. आता नोटिशीत म्हटलं होतं की दोन्ही नकाशे एकमेकांवर चढतात, खालची एक पट्टी दोघांच्याही नावात दिसते. अमुक दिवशी डहाणूच्या कचेरीत दोन्ही दावेदारांनी येऊन खुलासा करावा, नाहीतर दोन्ही दावे नामंजूर होतील. नकाशाची प्रत सोबत होती. आमची रेघ निळी, काकाची लाल. लाल रेघ आमच्या निळ्या रेघेच्या आत शिरलेली.

बाबा त्या आठवड्यात संघटनेच्या कामाला बाहेरगावी होते. मी नकाशा दोनदा पाहिला आणि मला सगळं समजलं असं वाटलं. आमच्या घरात घुसखोरी या विषयावर इतकं साहित्य होतं की मला विचार करायची गरजच पडली नाही. मथळा आपोआप आला: जंगलजमिनीतले घरभेदी ओळखा. खाली बारा ओळी. मी काकाचं नाव लिहिलं नाही, पण 'खालच्या पट्टीवर डोळा ठेवून शेजाऱ्याच्या पोटावर पाय देणारा' असं लिहिलं. आमच्या पाड्यावर खालची पट्टी एकच होती. तलासरीला जाऊन वीस झेरॉक्स काढल्या आणि परत येताना एक हातपंपाच्या खांबाला, एक दुकानाच्या फळीला, एक शाळेच्या भिंतीला लावली. उरलेल्या वाटल्या. खळ मी घरूनच नेली होती. मला आठवतंय, चिकटवताना मला फार छान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खळ्यावर मळणी चालू होती. खुंट्याभोवती दोन्ही बैल फिरत होते, आई पेंढा सारत होती. लाडक्याकाका आला, आपल्या बैलाचा दोर सोडला आणि त्याला घेऊन चालू लागला. आमचा बैल दोन पावलं त्याच्यामागे गेला आणि थांबला.

"काका, अर्धी मळणी राहिलीय," आई म्हणाली.

"राहू दे," काका म्हणाला. "चोराचा बैल हाय. तुमच्या भाताला पाप लागंल." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "माना वाचता येत नाय, पोरी. दुकानदाराने वाचून दाखवलं. हसत हसत वाचलं त्याने."

आई काठी टेकून माझ्याकडे बघत राहिली. "काय लिहिलंस?" तिने विचारलं. मी वाचून दाखवलं. माझ्या आयुष्यात तिला वाचून न दाखवता बाहेर गेलेलं ते पहिलं पत्रक होतं. तिने मला मधे कुठंही थांबवलं नाही, एकही शब्द विचारला नाही. सगळे तिला कळत होते.

बाबा तीन दिवसांनी आले. मी मार खायच्या तयारीत होते, खरं तर भांडायच्या. त्यांनी ते पत्रक उजेडात धरलं आणि दुसऱ्या कुणाचं तपासावं तसं तपासलं.

"खाली नाव कोणाचं?"

"नाही लिहिलं."

"निनावी पत्रक आपण कधी काढलं?"

मी भिंतीवरच्या पत्रकांकडे पाहिलं.

"जमीनदाराविरुद्ध काढली. जंगल खात्याविरुद्ध काढली. हातात काठ्या घेऊन विचारायला आले लोक, कोणी लिहिलं. प्रत्येक वेळी खाली नाव होतं." त्यांनी कागदाची घडी घातली. "पुरावा काय तुझा?"

"नकाशा."

"नकाशा घेऊन प्लॉटवर गेलीस?"

गेले नव्हते. बाबांनी घडी केलेला कागद माझ्या हातात ठेवला. तेवढ्याने मला खरी लाज वाटली असं लिहिणं खोटं ठरेल. मला राग आला होता, आणि माझंच बरोबर आहे हे सिद्ध करायला मी दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन टेकडीवर गेले.

नकाशावर प्रत्येक वळणाला आकडा होता. वरच्या मोहाच्या झाडापासून मी सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे जागच्या जागी. आमच्या हद्दीची निळी रेघ मोहापासून दगडांच्या ढिगाऱ्याकडे आणि तिथून ओहोळाकडे सरळ उतरायला हवी होती. पण ढिगाऱ्यापाशी ती डावीकडे वळत होती, काकाच्या नागलीच्या तुकड्याला बाहेरून वळसा घालत होती आणि मग ओहोळावर येत होती. म्हणजे लाल रेघ जिथं हवी तिथंच होती. वाकडी आमची होती. अशी कोण चालेल, मी स्वतःशीच पुटपुटले, आणि मला आठवलं कोण चाललं होतं.

मोजणीच्या दिवशी बाबा मोर्चाला गेले होते. मोजणीवाल्याचा पाय मुरगळला होता, तो सावलीत बसला आणि यंत्र माझ्या हातात देऊन म्हणाला, तुमची हद्द चालून ये. आठवीतली मी, छाती फुगवून निघाले. ढिगाऱ्यापाशी आले तर समोर काकाची नागली उभी, कणसं पिकून तांबूस झालेली, अजून कापणी व्हायची होती. आमच्यात पिकलेल्या उभ्या नागलीत दुसऱ्याचं पाऊल पडत नाही. नवं धान्य देवापुढे ठेवेपर्यंत तर नाहीच. धान्याची देवी कणसरी रुसते, असं आई म्हणायची. खरी हद्द त्या पिकाच्या कडेने, त्यातल्या चारदोन ओळी तुडवत जात होती, आणि आमच्या बाजूला करवंदीची दाट जाळी होती. मी विचार न करता पिकाच्या पलीकडच्या बांधावरून वळसा घातला, यंत्र हातात तसंच चालू. मोजणीवाल्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्या पाड्यावरचं कुठलंही पोर तसंच चाललं असतं. यंत्राला कणसरी माहीत नव्हती. त्याने एवढंच लिहून घेतलं की ही पट्टी आमची.

मी त्या बांधावर बसले. खाली हायवे दिसत होता. नागली केव्हाच कापून झाली होती, नुसती धसकटं होती. मी ज्याला घरभेदी म्हटलं होतं त्याची जमीन माझ्याच पायांनी माझ्या बापाच्या नावात आणली होती.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने चूल फुंकायची थांबवली. ती सरळ बोलणारी बाई. "मग आता काय सांगणार कचेरीत? आपली मोजणी चुकली म्हणून? वनहक्क समितीचा सचिव म्हणतो, मोजणी चुकली म्हटलं की सगळा दावा परत पहिल्यापासून. पलीकडच्या गावातल्या दोघांचे तसेच पडून आहेत अजून. आणि आपला अर्ज आधीचा आहे. तू काही बोलली नाहीस तर पट्टी आपली होईल, प्लॉट तरी राहील. बोललीस तर दोघांचेही प्लॉट जातील." ती लबाड नव्हती. त्या प्लॉटवरच्या नागलीवर आमचे चार महिने निघायचे. बाबा तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होते. शेवटी म्हणाले, "चालली ती. सांगायचं काय ते तिनं ठरवावं. मी खाली सही करतो."

मी आजही सांगते, मला त्या वेळी फार थोर असं काही वाटलं नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की गप्प राहिले तर पत्रकातल्या बाराच्या बारा ओळी खऱ्या होतील, माणूस तेवढा बदलून. मी वही काढली आणि एकोणिसावं वाक्य लिहिलं: आमची जमीन शेजाऱ्याच्या जमिनीतून सोडवली पाहिजे. 'फ्रॉम' कुठं येतं ते पाहिलं. मग त्याची उलटी बाजू लिहिली, शेजाऱ्याची आमच्यातून, आणि ते विसावं झालं. दोन्ही शाबूत. मॅडमना दाखवलं. त्यांनी विचारलं, खरंच काही झालंय का. मी सगळं सांगितलं. त्यांनी कुठलाही उपदेश केला नाही. "वाक्यं बरोबर आहेत," म्हणाल्या, "पण काळ बघ. 'पाहिजे' लिहिलंयस. झालं की बदल."

कचेरीच्या आधी काकाकडे जायचं होतं. ते कचेरीपेक्षा अवघड होतं. काका अंगणात दोर वळत होता, काकी सूप घेऊन बसलेली. मी नकाशा उघडून त्याच्यापुढे ठेवला, कुठं चालले ते बोटाने दाखवलं आणि म्हटलं, चूक माझी आहे. त्याने नकाशाकडे पाहिलंही नाही.

"मग तुझं ते पत्रक?"

"ते खोटं होतं."

"ते माना ठाऊक हाय," तो म्हणाला. "दुकानदाराला नाय ठाऊक."

काकी म्हणाली, "पोरीला पाणी तरी विचारा." तो म्हणाला, "तिचे पाय हायेत ना, घेईल ती." मी आत जाऊन पाणी प्याले. बाहेर आले तर तो उभा राहिला होता. आम्ही दोघं टेकडीवर गेलो. ढिगाऱ्यापाशी पोचल्यावर त्याने हाताने ओहोळाकडे दाखवलं. "आता पीक नाय. आता सरळ चाल." मी धसकटांतून सरळ चालले आणि तो माझ्यामागे दर दहा पावलांवर एक दगड ठेवत आला.

कचेरीत आमचा नंबर दुपारी लागला. साहेब चिडके नव्हते, दमलेले होते. बाबा आणि काका टेबलासमोर, मी मागे. बाबांनी सांगितलं, आमची हद्द मोजताना चूक झाली आहे, पट्टी यांची. साहेबांनी विचारलं, चूक कशी झाली? मी पुढे झाले. "यंत्र माझ्या हातात होतं. यांचं पीक उभं होतं म्हणून मी बांधावरून वळसा घातला. निळी रेघ माझ्या पायांची आहे, जमीन यांची आहे."

शेजारच्या कारकुनाने पेन खाली ठेवलं. "साहेब, ही दावेदार नाही. तेव्हा आठवीत असणार. हिचं काय लिहून घ्यायचं? आणि पीक होतं म्हणून कोण वळसा घालतं? उद्या सगळेच सांगतील."

भिंतीवरच्या सगळ्या पत्रकांतलं एकही वाक्य तिथं उपयोगाचं नव्हतं. आईचं म्हणणं खरं होणार, दोन्ही प्लॉट जाणार आणि तेही माझ्या तोंडाने, एवढंच डोक्यात होतं.

तेव्हा लाडक्याकाका बोलला. "लिवा, साहेब. मी बघितलं हाय तिला."

"काय बघितलं?"

"मी शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकत होतो. ही पोरगी हातात ते यंत्र धरून आली. माझ्या नागलीपाशी थांबली. चपला काढून हातात घेतल्या आणि बांधावरून गेली. एक कणीस मोडलं नाय. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, त्या पत्रकवाल्याची पोर लई शहाणी हाय." तो थांबला. "यंत्राचं माना काय माहीत. माना वाटलं ती आपली चाललीय."

चपला काढल्याचं मला स्वतःलाच आठवत नव्हतं. साहेबांनी एकदा काकाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कारकुनाला म्हणाले, दोघांचंही लिहून घ्या. एकाच कागदावर. त्याखाली काकाचा अंगठा, बाबांची सही आणि, साक्षीदार म्हणून, माझी. दावे नामंजूर झाले नाहीत. दोघांच्या सामाईक हद्दीची तेवढी फेरमोजणी करायची, बाकीचं आहे तसं पुढे पाठवायचं, असा शेरा पडला. त्या शेऱ्याने आमचा प्लॉट एका पट्टीने कमी झाला आणि पहिल्यांदा नक्की आमचा झाला.

परतीच्या जीपमध्ये सरावली गेली, आशागड गेलं. चारोटीला उतरल्यावर बाबा चहा सांगायला गेले. मी पिशवीतून नवं पत्रक काढलं. आईला वाचून दाखवलेलं, तिने दोन शब्द खोडायला लावलेलं, खाली माझं पूर्ण नाव आणि पाड्याचं नाव. काकाच्या हातात दिलं.

त्याने ते उलटसुलट पाहिलं. "माना काय करायचं ह्याचं? चिकटवलंस तर पुन्हा तो दुकानदारच वाचणार. हसत हसत."

"मग?"

"तू वाच. हातपंपावर. पाणी भरायच्या टायमाला."

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं आणि हातपंपावर बायकांची रांग होती. खांबाला माझं जुनं पत्रक अजून होतं, अर्धं फाटलेलं. काका दगडावर बसला, चहाच्या दुकानात बसावं तसा, मांडी घालून. मी हंड्यांच्या मधे उभी राहिले आणि वाचलं. मी लिहिलेलं खोटं होतं. लाडक्याकाकांनी कुणाची जमीन घेतली नाही. चूक माझ्या चालण्याची होती आणि दोष मी त्यांच्यावर टाकला. माझा आवाज बाबांसारखा उंचावत नव्हता, पंपाचा खडखडाट मोठा होता. मग कुणीतरी पंप मारायचं थांबवलं. शेवटी मी माझं नाव वाचलं आणि कागद खाली केला. एक म्हातारी म्हणाली, "झालं?" आणि पंप पुन्हा सुरू झाला.

मी काकाकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता. तिकडून खालच्या आळीची माणसं कामावरून येत होती, डोक्यावर मोळ्या, हातात कोयते, आणि त्यांच्यात तो दुकानदारही होता.

"परत वाच," लाडक्याकाका म्हणाला. "ह्यांनी नाय ऐकलं."

मी परत वाचलं.